घरच्या शुश्रूषेचा मोबदला



व्याख्यानमालेच्या चालकांना आम्ही हा विषय कळविला तेव्हा त्यांच्यापैकी एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी शंका काढली. कामगार चळवळीतल्या माणसाने महागाई भत्त्यावर बोलावे, नव्या कामगार संहितांवर बोलावे. घरातले आजारपण हा काय युनियनचा विषय आहे? शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर देता देताच आमचे व्याख्यान होणार आहे. आमचे शाळेतले शिक्षण बेताचे. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत, जुने करारनामे आणि निवाडे वाचीत झाले. त्या शिक्षणाने आम्हांला एक सवय लावली आहे. कोणी काम करताना दिसला की त्याचे तास किती, पाळी कोणती, बदली कोण, रजा किती आणि दाम काय, हे पाच प्रश्न आमच्या मनात आपोआप उभे राहतात. हेच पाच प्रश्न आम्ही आज घरातल्या शुश्रूषेला विचारणार आहोत.

शुश्रूषा म्हणजे नेमके काय, हे आधी पाहू. कारण ज्यांच्या घरी तो प्रसंग आलेला नाही त्यांना वाटते, दोन वेळा औषध द्यायचे आणि उशाशी बसायचे. लकवा मारून अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. न बदलली तर पाठीला, कमरेला, टाचांना जखमा होतात आणि त्या चिघळतात. रात्री दहाला कूस बदलली, की बाराला, दोनला, चारला आणि सहाला पुन्हा बदलायची. मधल्या वेळात झोपायचे. अन्न मऊ करून, डोके उंच धरून, घासाघासाने भरवायचे. घाई केली तर ठसका लागून अन्न श्वासनलिकेत जाण्याचे भय. मलमूत्र काढायचे, अंग पुसायचे, चादर बदलायची. माणूस अंथरुणात असताना त्याच्याखालची चादर बदलणे ही एक कसरत आहे. परिचारिकांना ती शिकवितात, घरच्या सुनेला कोणी शिकवीत नाही. मग तिची कंबर जाते. स्मृती गेलेल्या वृद्धाचे काम आणखी वेगळे. तिथे अंग उचलावे लागत नाही, पण डोळा काढता येत नाही. तो उठून दाराबाहेर चालू लागतो, गॅसची चावी फिरवितो, आणि ज्या मुलीने आत्ताच भरविले तिला ‘तू कोण ग?’ म्हणून विचारतो.

आता तास मोजा. दिवसाच्या तीन पाळ्या, आठवड्याच्या एकवीस. कोणत्याही इस्पितळात एकवीस पाळ्यांना निदान चार माणसे लागतील, शिवाय सुटीची बदली. घरात त्या एकवीस पाळ्या एकच बाई करते, आणि त्याच वेळी स्वयंपाक, पाणी, मुलांचे डबे हेही तिचेच असते. १८९० साली जूनच्या १० तारखेला मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. नारायण मेघाजी लोखंडे १८८४ पासून त्यासाठी झगडत होते. त्या गोष्टीला सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. आम्ही ज्या बाईविषयी बोलत आहोत तिचा रविवार अजून उगवायचा आहे.

आमच्या सोलापुरात विड्या वळणाऱ्या हजारो बायका आहेत. पान-तंबाखू घरी न्यायची, विड्या वळायच्या, कारखान्यात नेऊन द्यायच्या, हजारामागे मजुरी घ्यायची. घरबसल्या काम म्हणून लोकांना ते सोपे वाटते. अशाच एका बाईची सासू दोन वर्षे अंथरुणावर होती. पूर्वी ही बाई दिवसाला हजार विड्या वळीत असे; सासू पडल्यापासून पाचशे-सहाशेच्या वर मजल जाईना. हात तेच, पण मध्येच उठायचे, हात धुवायचे, म्हातारीला सावरायचे, पुन्हा सुपाशी बसायचे. मजुरी निम्म्यावर आली आणि त्या प्रमाणात फंडही घटला. आम्ही तिला म्हणालो, बाई, तुम्हांला निदान काही दिवसांची रजा मिळायला हवी. ती हसली आणि म्हणाली, “भाऊ, रजा कसली मागता, आमची हजेरी तरी कुठं लागते?” आमच्या आजच्या व्याख्यानातले सर्वांत नेमके वाक्य तिचे आहे.

दुसरे उदाहरण पुरुषाचे आहे, आणि ते मुद्दाम देतो. यंत्रमागावरचा एक कामगार, चादरींच्या मागावर चांगला हात असलेला. त्याच्या बायकोचे अर्धे अंग गेले. सुरुवातीला आठ दिवस शेजारणींनी सांभाळले. पुढे त्याचे खाडे सुरू झाले. मालक तसा दुष्ट नव्हता. त्याने काढून टाकले नाही, फक्त याचे माग दुसऱ्याला दिले आणि याला बदलीवर ठेवले. बदलीवाल्याला काम मिळेल त्या दिवशी मिळेल. मग घरात हिशेब झाला, आणि नववीत शिकणाऱ्या मुलीची शाळा सुटली. आई सांभाळायला माणूस हवे होते आणि बापाची मजुरी बुडवून चालणार नव्हते. त्या मुलीने सोडलेली शाळा कोणत्या खात्यात जमा धरायची, ते आपल्यापैकी कोणी हिशेबनीस असतील तर त्यांनी सांगावे.

अशा वेळी कायदा कामगाराला काय देतो? १९४८ च्या कायद्याने सुरू झालेली राज्य कामगार विमा योजना आहे. मासिक २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांना ती लागू होते. कामगार स्वतः आजारी पडला तर त्याला वर्षात ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या सत्तर टक्के रोख लाभ मिळतो. कुटुंबाला औषधोपचार मिळतो, हेही मोठेच आहे. पण बायको आजारी आहे आणि तिच्यापाशी बसायला कामगाराला घरी राहायचे आहे, तर रोख लाभ नाही. मग माणूस काय करतो? स्वतःच्याच पोटदुखीचा दाखला शोधतो. प्रामाणिक माणसाला खोटे बोलायला लावणारा नियम कधीच चांगला नियम नसतो. सरकारी नोकरांची स्थिती थोडी बरी आहे. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना २००८ पासून बालसंगोपनासाठी सबंध नोकरीत ७३० दिवसांपर्यंत रजा आहे. ती मुलांपुरती. म्हाताऱ्या आईसाठी नाही, आणि यंत्रमागावर तर कोणासाठीच नाही.

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०२४ साली देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. तीत असे आढळले की १५ ते ५९ वयाच्या बायकांपैकी ४१ टक्के घरातल्या कोणाची ना कोणाची देखभाल करतात आणि त्यावर दिवसाला १४० मिनिटे खर्च होतात. त्याच वयाच्या पुरुषांपैकी २१.४ टक्के करतात, आणि त्यांची मिनिटे भरतात ७४. या आकड्यांत मुलांचे संगोपनही आले, तेव्हा तो सगळा आजाऱ्यांचा वेळ नव्हे. शिवाय घड्याळाला एक गोष्ट मोजता येत नाही. रात्री झोपेतही एक कान उघडा ठेवावा लागतो. रखवालदाराला त्या जागण्याचा पगार मिळतो.

आता मुख्य आक्षेपाकडे वळू. तो आमच्या युनियनच्या सभेतही आला, आणि आपल्यापैकी कित्येकांच्या मनात या क्षणी असेल. आईची सेवा करायची आणि तिचे पैसे घ्यायचे? माया तराजूत घालायची? आक्षेप घेणाऱ्यांच्या भावनेचा आम्हांला आदर आहे. परंतु आमचा अनुभव असा की हा आक्षेप बहुधा सेवा करणारी बाई घेत नाही. तिच्या हातचा चहा पिणारी माणसे घेतात. मोबदला मायेचा कोणी मागत नाही. बुडालेली मजुरी, गेलेली झोप, सुटलेली नोकरी आणि म्हातारपणी न मिळणारे निवृत्तिवेतन, यांचा हिशेब मागायचा आहे. मुलगा सैन्यात जातो तो देशावरच्या प्रेमाने जातो, म्हणून त्याचा पगार कोणी कापीत नाही.

बाळंतपणाविषयी हेच बोलणे एके काळी ऐकू येत असे. मूल ही घरची बाब, त्याचा भार कारखान्याने का वाहावा, असे मालक म्हणत. १९२८ साली मुंबईच्या कायदे मंडळात प्रसूती लाभाचे विधेयक आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. मातेला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, तेव्हा हा भार मुख्यतः सरकारने सोसला पाहिजे, आणि बायकांच्या कामापासून मालकाला लाभ होतो म्हणून त्यालाही अंग झाडता येणार नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. १९२९ साली कायदा झाला. आज बाळंतपणाची रजा घेणाऱ्या बाईला कोणी मातृत्व विकले असे म्हणत नाही. तोच न्याय जीवनाच्या दुसऱ्या टोकाला लावा, एवढेच आमचे मागणे आहे.

न्यायालयांनी तर घरकामाची किंमत करण्यास केव्हाच सुरुवात केली आहे, पण फार चमत्कारिक जागी. २००१ साली लता वाधवा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आगीत मरण पावलेल्या गृहिणींच्या कामाचे मूल्य दरमहा ३,००० रुपये धरून भरपाई ठरविली. २०२१ सालीही अपघाताच्या एका खटल्यात त्याच न्यायालयाने गृहिणीच्या कामाला किंमत आहे असे स्पष्ट सांगितले. बाई गेली की तिच्या कामाचा आकडा निघतो. ती जिवंत असताना काढायला काय हरकत आहे?

आमच्या कायदे मंडळींनी कागदावर काही केलेले नाही असे मात्र नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात देखभाल करणाऱ्याची व्याख्या आहे. तीत आईबाप आणि घरची माणसे, पैसे घेऊन वा न घेता काम करणारी, दोन्ही येतात. ज्यांना मोठ्या आधाराची गरज आहे अशा दिव्यांगांसाठी शुश्रूषा भत्त्याची तरतूदही त्यात आहे. पण ती आहे ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’. हे शब्द आम्हांला ओळखीचे आहेत; बोनसच्या वाटाघाटीत ते आम्ही पुष्कळ वेळा ऐकले आहेत. केरळ राज्याने मात्र अंथरुणाला खिळलेल्यांची देखभाल करणाऱ्यांसाठी ‘आश्वासकिरणम्’ नावाची योजना काढली आणि दरमहा ६०० रुपये ठरविले. रक्कम तुटपुंजी आहे. तरी ती आजाऱ्याच्या नव्हे, त्याला सांभाळणाऱ्याच्या नावे आहे, हे त्यातले नवे पाऊल. याच्या उलट २००७ चा आईबाप आणि ज्येष्ठ नागरिकांचा कायदा पाहा. ज्येष्ठाला टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड. टाकणाऱ्याला शिक्षा हवीच. पण जी मुलगी टाकीत नाही, दहा वर्षे करीत राहते, तिच्यासाठी त्या कायद्यात एक ओळ नाही. आपल्या राज्यात २०२४ साली लाडक्या बहिणीचे १,५०० रुपये सुरू झाले तेव्हा काहींनी आम्हांला म्हटले, झाले की तुमचे काम. तसे नव्हे. ते पैसे गरजू बहिणीला मिळतात, ती कोणाची उठबस करो वा न करो. ते चांगले की वाईट हा वाद वेगळा. शुश्रूषेचा मोबदला तो नव्हे.

बाहेरच्या देशांचे आम्ही वाचून जाणतो, पाहून नव्हे. तरी तीन देशांची हकीगत सांगण्याजोगी आहे.

इंग्लंडात १९६३ साली मेरी वेबस्टर नावाच्या एका धर्मोपदेशिकेने आईबापांसाठी नोकरी सोडलेल्या अविवाहित मुलींचे गाऱ्हाणे वर्तमानपत्रात पत्र लिहून मांडले. तिला पत्रांचा पाऊस पडला, १९६५ साली संघटना उभी राहिली आणि १९७६ साली भत्ता मिळाला. पण विवाहित बाईला तो नाही! कारण काय, तर ती तशीही घरीच असते. आईसाठी नोकरी सोडलेल्या जॅकी ड्रेक या विवाहित बाईंनी खटला लढविला आणि १९८६ साली युरोपच्या न्यायालयात तो जिंकला. तेव्हा विवाहित बायकांना दार उघडले. आठवड्याला निदान ३५ तास देखभाल करणाऱ्याला २०२५-२६ साली तिथे ८३ पौंड ३० पेन्स मिळत. पण स्वतःची कमाई आठवड्याला १९६ पौंडांच्या वर एका पौंडाने गेली तरी त्या आठवड्याचा सगळा भत्ता बंद. असा कडेलोट आपल्याकडे नको.

जर्मनीने १९९५ साली शुश्रूषेचा विमाच सुरू केला. वर्गणी कामगार आणि मालक दोघांची. मालकांचा वाटा भरून निघावा म्हणून बहुतेक प्रांतांत कामगारांनी एक पगारी सुटी सोडून दिली, हे आमच्या कामगारबंधूंनी ध्यानात ठेवावे. नुसते मागून मिळाले नाही. आजाऱ्याच्या अवस्थेच्या पाच पायऱ्या आहेत. घरचेच माणूस सांभाळीत असेल तर २०२५ साली दुसऱ्या पायरीला महिना ३४७ युरो, पाचव्या पायरीला ९९० युरो. ठराविक तासांहून अधिक काळ सांभाळणाऱ्याच्या निवृत्तिवेतनाच्या खात्यात वर्गणीही भरली जाते. आम्हांला रोख रकमेपेक्षा ही दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते.

जपानने २००० साली असाच विमा आणला. मात्र रोख पैसे द्यायचे नाहीत असे ठरविले. तिथल्या बायकांच्या संघटनांनीच रोख रकमेला विरोध केला. त्या म्हणाल्या, पैसे दिले की घरचे म्हणणार, आता तर तुला मिळतात, बस सासूपाशी. सून कायमची बांधली जाईल. त्यापेक्षा माणूस पाठवा, दिवसाची केंद्रे उघडा. हा युक्तिवाद वाचून आम्ही बराच काळ विचारात पडलो होतो, कारण सुनेचे जपानात जे होते ते सोलापुरात होणार नाही असे म्हणायला आमच्यापाशी काहीच आधार नाही. पण पाठवायला शिकलेली माणसे आज आपल्याकडे नाहीत. ब्यूरोतून बाई बोलवावी तर यंत्रमागावरच्या कामगाराचा सबंध दिवसाचा रोज तिच्यातच जातो, आणि त्या बाईच्या हाती त्यातले किती पडते हे विचारले तर तीही आमचीच सभासद व्हायला हवी असे दिसते. म्हणून आमचे मत असे बनले आहे की पैसा हवा, पण एकटा नको. महिन्यातून निदान चार दिवस बदली माणूस घरी आलेच पाहिजे, आणि पैसे घेतले म्हणून बाईचा नोकरीवर परतण्याचा हक्क जाता कामा नये.

आता पैसा कोठून आणि मालक कोण? ‘मालकच नाही तर मागायचे कोणाकडे’, हे आम्हांला पुष्कळांनी ऐकविले आहे. महाराष्ट्राने या कोड्याचे उत्तर १९६९ सालीच दिलेले आहे. हमाल सकाळी एका व्यापाऱ्याचे पोते उचलतो, दुपारी दुसऱ्याचे. त्याचा मालक कोण? अण्णासाहेब पाटील, बाबा आढाव यांच्यासारख्यांनी हमाल-माथाडींना संघटित केले आणि माथाडी कायदा आला. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायची. मंडळ हमालाला मजुरी देते, त्याचा फंड, ग्रॅच्युइटी, रजा पाहते. मालक सापडेना तर मंडळ उभे करायचे, ही आमच्या भूमीतली युक्ती आहे, परदेशातून आणावी लागत नाही.

निधीचेही तसेच. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी वाढली, आणि तिच्यासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसविला गेला. आपल्यापैकी पगारदारांच्या पावतीवर दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० कापलेले दिसतात, तो हाच. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या कामासाठी वर्गणी दिली, आणि महाराष्ट्र त्याने बुडाला नाही. अर्थात घटनेने त्या कराला वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे, तेव्हा तोच वाढविता येईल असे नाही. पण विमा योजनेत आज मालक वेतनाच्या सव्वातीन टक्के आणि कामगार पाऊण टक्का भरतो. २०१९ च्या जुलैपूर्वी हेच दर पावणेपाच आणि पावणेदोन होते. कमी केलेल्या अडीच टक्क्यांतला अर्धा टक्का शुश्रूषेच्या रजेसाठी परत घेतला तर कोणाचा कारखाना बंद पडेल असे आम्हांला वाटत नाही. विम्याबाहेर जे राहतात, विडीवाल्या, घरकामवाल्या, शेतमजूर, त्यांच्यासाठी सरकारलाच पुढे यावे लागेल.

खोटे अर्ज येतील हे खरे. ते सगळीकडे येतात. आशा सेविका घरोघर जातेच; कोण अंथरुणावर आहे आणि कोण त्याला सांभाळते, हे वॉर्डात तिच्याइतके कोणाला ठाऊक? तिला त्याचे वेगळे दाम द्या म्हणजे झाले. फुकटच्या शुश्रूषेची नोंद तिच्याकडून फुकट करून घेऊ नका.

आमच्या युनियनने यंदाच्या मागणीपत्रकात तीन कलमे घातली आहेत. घरातल्या अंथरुणावरच्या माणसासाठी वर्षाला पंधरा दिवस पगारी रजा. अशा कारणाचे खाडे लागोपाठ झाले तरी सहा महिने माग दुसऱ्याच्या नावे न करणे. आणि रजेच्या अर्जावर खरे कारण लिहिण्याची मुभा. तिसऱ्या कलमाला पैसा लागत नाही, म्हणून ते लगेच मान्य होईल अशी आमची अटकळ होती. मालकांच्या बाजूने पहिला नकार त्यालाच आला. खरे कारण एकदा कागदावर आले की पुढे त्यावर हक्क सांगतील, असे ते म्हणाले, आणि त्यांचे म्हणणे बरोबर आहे. पुढची बैठक मे महिन्यात आहे.

मागणीपत्रकाच्या प्रती मागच्या बाकावर ठेवल्या आहेत. त्यांच्याशेजारी कोरे कागद आहेत. ज्यांच्या घरी असे दुखणे आहे त्यांनी नावगाव न लिहिता, रात्री किती वेळा उठावे लागते आणि किती महिने झाले, एवढे दोन आकडे त्यावर लिहून दिले तर बैठकीला जाताना ते आम्ही बरोबर नेऊ.